पान तेवीस, टिटवी

दुकान सेलूला, स्टेशन रोडवर.
पत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स.
ड्रॉवरमध्ये पिनांच्या डब्यांखाली एक चोपडी,
बत्तीस पानं, किंमत सव्वा रुपया.
मुखपृष्ठावर कापसाचं बोंड,
त्याचा लाल रंग अर्धा सूत सरकलेला,
म्हणून ते आत्ताच फुटल्यासारखं दिसतं.
खाली नाव: द्वारका परतूरकर,
भरतकाम शिक्षिका, कन्याशाळा.

आईची होती. मी उघडली
पत्रिकेला किनार सुचत नव्हती म्हणून.
तेच मोर, तेच कलश, तेच फुकटचे डाउनलोड,
अन् इथं, बाई,
ज्वारीचं कणीस एकशे बारा फुल्यांत.
बाभळीची शेंग.
पूर्णा जंक्शनचा सिग्नल, हात पाडलेला.
उशीच्या अभ्य्रावर सिग्नल
कुणी काढतं का हो?

घरांचे आकडे तुम्ही उजवीकडून टाकलेत.
तुमची शाळा निजामाच्या वेळची, उर्दू;
हाताला लागलेलं वळण सुटलं नसेल.
आई डावीकडून मोजत बसली,
तिची पहिली शेंग आरशातली निघाली.
ती अजून आमच्या टीव्हीवर आहे.

प्रस्तावना चारच ओळींची:
घरं मोजताना बोलू नये.
चुकलं तर उसवावं, दोरा गुंडाळून ठेवावा.
हिरवा नसल्यास निळा चालेल.
मॅटी महाग पडली तर साखरेच्या पोत्यावर शिकावं.

मी झूम आठशे टक्के करतो,
पडद्यावर चौकोनच चौकोन,
चुकलो की एक बटण दाबतो.
तुम्ही कंदिलाशी, आलेखाच्या वहीत,
खोडरबर चार तुकडे करून पुरवत.

मग पान तेवीस. टिटवी.
तिला तीन पाय.
पुन्हा मोजले. तीनच.

त्यानंतर ती मला दिसतच गेली.
हिंगोलीच्या विश्रामगृहात, टीपॉयवर.
मुखेडला दातांच्या दवाखान्यात, पडद्याच्या झालरीला
(तोंड उघडं होतं, बोलता आलं नाही).
परभणीत मेहरुन्निसा आपांच्या दस्तरख्वानाच्या कोपऱ्यात.
औशाला एका पोराच्या जीनच्या गुडघ्यावर ठिगळ म्हणून.
सगळीकडं तीन पाय.
तुमचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.
दुसऱ्या आवृत्तीत तर मुखपृष्ठावरूनही गेलं ते,
पाय मात्र राहिला.

ट्रेडल चालवणारे मुंजाजीमामा अजून आहेत.
म्हणाले, प्रूफ घेऊन मीच गेलतो.
बाई, ठोकळा चुकलाय, एक पाय काढावं लागतंय.
बाई दोरीवर लुगडं वाळू घालायल्या होत्या.
चिमटा दातात धरूनच म्हणल्या,
"कामून काढायलास?
एक पाय उचलून पुढं टाकताना
ती तशीच दिसती.
नदीवर जाऊन बघ."

मामा गेले नाहीत. मशीन चालू होतं.

मी गेलो, दुधनेच्या काठी, रविवारी.
टिटवीनं मला आधी बघितलं,
ओरडत पळत सुटली गोट्यांवरून,
अन् मी उभा, बोटं वर करून,
दोन... तीन...
ती उडाली.

परवा एका पत्रिकेच्या कोपऱ्यात टाकली तिला.
वधूपिता बोटानं दाबून म्हणाले,
टिटवी? लग्नात? अपशकुनी असते, काढा.
काढली. तिथं कणीस बसवलं,
एकशे बारा फुल्यांचं, त्यांना फार आवडलं,
म्हणाले, नेटवरचं का?

पाठीमागं, मुद्रकाच्या नावाशेजारी,
मुगाच्या दाण्याएवढी जागा उरली होती.
कुणी वाचत नाही तिथं.
मी उजवीकडून मोजत गेलो.